कौल येईपर्यंत

मुंबईहून परतलेल्या माणसाला आमच्या खारवलीत दोनच प्रश्न विचारतात. राणीचा बाग पाहिलास का, आणि आमच्या अमक्याला भेटलीस का. राणीचा बाग मी पाहिला नाही. अमके मात्र झाडून सगळे भेटले, कारण ते लालबागेत एकाच गाळ्यात राहतात. ज्यांनी मुंबई पाहिलेली नाही त्यांच्यासाठी चार ओळी लिहाव्यात असं परतल्यापासून मनात होतं, पण लिहायला बसलं की डोळ्यांपुढे ट्राम येत नाही, की समुद्राकाठचे दिवे येत नाहीत. दगडी पायऱ्या येतात. तेव्हा त्या पायऱ्यांपर्यंत कशी गेले ते आधी सांगते.

मी खारवलीच्या शाळेत शिकवते. आमच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत समुद्रातून कासवी वर येतात, वाळूत खड्डा करून अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि मागे न बघता पाण्यात निघून जातात. मी लग्न होऊन आले तेव्हा इतक्या येत की सकाळी वाळूवर नांगर फिरवल्यासारखे पट्टे दिसायचे. आता सबंध हंगामात बोटांवर मोजण्याइतके दिसतात. त्यात गूढ काही नाही. माणसं पट्टा धरून जातात, खड्डा उकरतात आणि अंडी टोपलीने उचलून नेतात. काही खातात, काही बाजारात विकतात. आमचे हे होते तेव्हा आम्ही दोघं खड्ड्याभोवती करवंदीच्या काट्यांची वय, म्हणजे कुंपण, घालायचो. आता मी एकटी घालते. वय घातली की माणसाला जागा कळते, आणि नाही घातली तर कोल्ह्याला, अशी आमची पंचाईत. एका गृहस्थाने तर अंडी नेली आणि वर मला सांगितलं की बाई, तुमचे काटे फार लागतात हो.

गावच्या मानकऱ्यांकडे मी चार वेळा जाऊन आले. त्यांचं उत्तर ठरलेलं. मुंबईकरांनी ठरवलं तर आमची ना नाही. देशावरच्या वाचकांना हे विचित्र वाटेल, म्हणून सांगते. आमच्याकडे विहीर उपसायची की नाही, शाळेवर कौलं घालायची की गवत, शिमग्याची पालखी कोणत्या वाटेने न्यायची, हे गावात ठरत नाही. ते लालबागेत ठरतं. गावचे निम्मे पुरुष तिथे गिरण्यांत कामाला आहेत, त्यांचं ग्रामस्थ मंडळ आहे, आणि मंडळाने ठराव केला की गाव हूं का चूं करत नाही. मंडळाचा अध्यक्ष माझा चुलत दीर, शांताराम. तो गिरणीत जॉबर आहे, म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचा मुकादम. मी सासरी आले तेव्हा तो उघडा पोरगा होता, म्हणून मी त्याला अजून अरे-तुरेच करते. गाळ्यातल्या लोकांना ते फार चमत्कारिक वाटलं.

तर माघाच्या महिन्यात मी शाळेतून रजा घेतली आणि बोटीत बसले. बोटीत मला जे झालं ते लिहिण्यासारखं नाही.

लालबाग

भाऊच्या धक्क्यावर शांताराम न्यायला आला होता. छातीवर संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला, आवाज बसलेला. निवडणुकीचे दिवस होते आणि मुंबईत त्या वेळी दुसरा विषय नव्हता. भिंतीभिंतीवर, दुकानांच्या फळ्यांवर, एके ठिकाणी तर चालत्या म्हशीच्या पाठीवर चुन्याने "झालाच पाहिजे" लिहिलेलं. गोळीबाराला वर्ष उलटून गेलं होतं, तरी ज्या घरचं माणूस गेलं होतं त्या घरावरून जाताना शांतारामचा आवाज आपोआप खाली यायचा.

गाळा म्हणजे एक लांबट खोली. त्यात आमच्या गावची इतकी माणसं राहतात की सगळी एका वेळी झोपू शकत नाहीत. पहिल्या पाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच वळकटीवर आडवे होतात. प्रत्येकाची ट्रंक आणि खुंटी ठरलेली, पण झोपायची जागा सगळ्यांची. आमच्याकडे एवढ्या जागेत दोन म्हशी बांधतात, असं मी बोलून गेले, आणि सगळे हसले, पण मला मागून वाईट वाटलं. शांताराम आणि त्याची बायको सुमन वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहतात. माझी सोय तिथे झाली. सुमनने सुक्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. चव थेट खारवलीची, फक्त भाकरीला कोळशाच्या धुराचा वास. भोंगा झाला तेव्हा मी दचकून ताटावरून उठले, तर सुमन म्हणाली, बसा हो, तो आपल्याला नाही बोलवत.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. शांतारामने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या मनात खोट नव्हती, हे मी आधीच लिहून ठेवते. तो म्हणाला, "वयनी, आधी मुंबय घेऊ, मग कासव बघू." मंडळाची बैठक पुढच्या आठवड्यातल्या रविवारी होती आणि तिच्यात एक विषय आधीच धरलेला होता. आमच्या देवीच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव आहे, ते गेल्या पावसाळ्यात तडकलं. ते बदलायचं होतं. त्यासाठी मंडळी अगदी हिरिरीने बोलत होती, दगड कुठला आणायचा, कासवाचं तोंड किती वर ठेवायचं. दगडाच्या कासवाला एवढे लोक आणि जिवंताला एकही नाही, असं मी सुमनला म्हटलं. ती म्हणाली, दगडाचं निदान दिसतं तरी.

वरळी कोळीवाडा

चाळीच्या तोंडाशी वरळीची हिराबाय मासे घेऊन बसते. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनबरोबर खाली गेले. खारवलीहून आलेय आणि कासवांसाठी आलेय हे ऐकून हिराबाय माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या लेकाच्या जाळ्यात त्याच सकाळी एक कासव आलं होतं. दुपारी पूजा करून सोडणार होते. शांतारामची दुपार मोकळी होती. पाटी रिकामी झाल्यावर हिराबाय आम्हाला घेऊन निघाली.

वरळीचा कोळीवाडा मला मुंबईत सगळ्यात जवळचा वाटला. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून पाटीवाली आली तर भिंतीला टेकून उभं राहायचं, पण वास ओळखीचा, दोऱ्यांवर वाळणारे बोंबील ओळखीचे, आणि गल्ली संपली की समुद्र. होड्यांच्या सावलीत ओल्या गोणपाटावर कासवी ठेवली होती. मोठी होती, दोन माणसांनी उचलावी एवढी. पाठ शेवाळी राखाडी, पुढच्या पराला, म्हणजे वल्ह्यासारख्या पायाला, जाळ्याची दोरी कापून गेलेली. कपाळाला हळदकुंकू लावलेलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते नेहमीच येतं, पण बायका पदराने टिपत होत्या.

"आमी त्याला हलद-कुकू लावून सोरतो, बाय," हिराबाय म्हणाली. "दर्याचा जीव, दर्याला."

मी वाकून पाहिलं. हंगाम तो, देह जड, आणि मागचे पर सारखे चाळवत होती. मी शांतारामला म्हटलं, ही अंडी घालायला किनाऱ्याकडे आलेली आहे, हिला लवकर पाण्यात जाऊ दे, ही आजउद्याकडे कुठेतरी वाळू शोधील. त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तो हात जोडून उभा होता. मला त्याचा चेहरा पाहताच कळलं की काहीतरी चुकतंय.

त्याचा हिशेब असा होता. देवळातलं कासव तडकलं. मंडळ नवं करायच्या विचारात. एवढ्यात गावाहून वहिनी येते ती कासवाचं नाव घेऊन, आणि दुसऱ्याच दिवशी जितंजागतं कासव पुढ्यात. देवीने याहून स्पष्ट काय सांगायचं? त्याने हिराबायकडे ते कासव देवीच्या नावाने मागितलं. गिरगावात एका देवळाचं मोठं तळं आहे, तिथला पुजारी आमच्याच भागातला, तळ्यात आधीपासून कासवं आहेत, तिथे ते सुखाने राहील. हिराबाय घोटाळली. पण देवीच्या नावाने पदर पसरलेल्याला कोळीण नाही म्हणत नाही. तिने नारळ ठेवला आणि कासव दिलं.

मी म्हटलं, अरे, तळ्याचं पाणी गोडं आहे. तो म्हणाला, गोडं म्हणजे वाईट का? समुद्रात सोडलं तर उद्या दुसऱ्या कुणाच्या जाळ्यात जाईल, आणि तो काही हळदकुंकू लावणारा असेलच असं नाही. देवीच्या पायाशी कोण हात लावणार? खरं सांगायचं तर, जो माणूस कासवांची राखण करा म्हणून सांगायला बोटीत बसून आलाय, त्याला या बोलण्यावर चटकन उत्तर सुचत नाही. मी जे म्हणत होते तेच तो करत होता, फक्त भलत्या पाण्यात.

गिरगाव

हातगाडी कांबळ्यांनी आणली. कांबळे शांतारामच्या खात्यात काम करतात, शेजारच्या चाळीत राहतात. त्यांच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती आणि घरातले देव विसर्जन केले होते, पण मित्राच्या हाकेला माणूस आला. गाडीवर ओलं गोणपाट, त्यावर कासवी, तिच्यावर झेंडूचा हार. वाटेत कुणीतरी पुढच्या दांडीला "झालाच पाहिजे"ची पाटी बांधली. मग काय विचारता. वरळीहून निघालेली आठ माणसं गिरगावात पोचेपर्यंत शंभर झाली. एका चौकात पोलिसाने मोर्चा समजून गाडी अडवली, गोणपाट उचलून पाहिलं, आणि टोपी काढून नमस्कार केला. माझी एक चप्पल त्या गर्दीत गेली ती गेलीच. हसू येत होतं, आणि गोणपाट वाळलं तर नाही ना, हे मी सारखी हात लावून बघत होते.

तळं सुंदर आहे. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, मधे दीपमाळ, भोवती जुनी घरं. देवळाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. मंत्र झाले, नारळ फुटला आणि कासवीला पाण्यात सोडलं. ती दगडासारखी खाली गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तळ्यातली लहानगी कासवं पायऱ्यांवर ऊन खात होती, ती टुपटुप पाण्यात पडली.

नंतर आम्ही गिरगावातल्या एका खानावळीत जेवलो. डाळिंब्यांची उसळ, अळूचं फदफदं, साधं वरण, सगळं नेमकं आणि सोवळं. शेजारच्या पानावरचे गृहस्थ शुद्ध पुणेरी बोलत होते आणि त्यांनी मला विचारलं की आपल्याकडे कोकणात कासव खातात म्हणे? मी म्हटलं, कासव नाही, अंडी. त्यांनी पुढचा भात घेतला नाही. एका पायात चप्पल घालून ट्रामने लालबागेला परतले.

त्यानंतर मी रोज गिरगावात जाऊ लागले. सुमन म्हणायची, माहेर सापडलं तुम्हाला तिकडे. मी पायऱ्यांवर बसून असे. कासवी श्वास घ्यायला वर आली की लोक ओरडत. कुणी चणे टाकी, कुणी लाडूचे तुकडे. ती काही खात नव्हती. कुणा भक्ताने तिच्या पाठीला शेंदूर फासला होता, तो पाण्यात विरघळून तिच्याभोवती तांबूस दिसायचा. आणि एका दुपारी, सामसूम असताना, ती पायऱ्यांशी आली. पुढच्या परांनी अर्धी वर चढली. मला वाटलं ऊन खाते आहे. मग तिचे मागचे पर हलायला लागले. आधी उजवा, मग डावा, पुन्हा उजवा. ज्याने वाळूवर हे पाहिलंय त्याला सांगायला नको. ती खड्डा करत होती. दगड खरवडत होती, थांबत होती, पुन्हा खरवडत होती. पराच्या कडेला रक्त आलं. मी तिथे मोठ्याने रडले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, बाई, देवदर्शनाने असं भरून येतं.

पुन्हा लालबाग

संध्याकाळी शांताराम पाळीवरून आला. केसांत, भुवयांत कापूस. त्याने हातपाय धुवायच्या आधीच मी सगळं सांगितलं. आत्ताच्या आत्ता चल, तिला काढून चौपाटीवर सोडू. तो खाटेवर बसला. माझ्यावर त्याचा विश्वास होता, हे मला दिसत होतं. पण कासव देवीच्या नावाने सोडलं होतं. एकदा तिला दिलेली वस्तू तिला न विचारता परत कशी घ्यायची? कौल लावायला हवा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे काहीही मोठं करायचं तर देवीला विचारतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो, आणि सगळे वाट बघतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. हा कौल खारवलीतच लागतो. म्हणजे मंडळाचा नारळ घेऊन कुणीतरी बोटीने जायचं, गुरवाने कौल लावायचा, आणि उत्तर घेऊन माणसाने परत बोटीने यायचं. मी म्हटलं, निदान तार तरी कर. देवीला तार करायची का, असं शांतारामने विचारलं, आणि त्याला खरंच दुखावल्यासारखं झालं होतं.

कांबळे दारात उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, दगडाला विचारून जित्याचं काय ठरवता? सोडून द्या. पाप लागलं तर माझ्या नावावर घाला."

शांताराम उठला. मला वाटलं, आता हातघाईवर येतो. पण तो एवढंच म्हणाला की तुम्ही तुमचे देव बुडवलेत, आमचे अजून बसलेत. कांबळे निघून गेले. त्या रात्री शांताराम जेवला नाही. नारळ घेऊन सकाळच्या बोटीने गाळ्यातला एक जण गेला.

परळ

पुढचे दिवस कसे गेले ते लिहायला नको. मला एकटीला घरात बसवेना म्हणून सुमन मला परळला कामगार मैदानावरच्या सभेला घेऊन गेली. एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या होत्या, भाकऱ्या बांधून आल्या होत्या. आमच्या गावात सभा म्हणजे बारा माणसं आणि त्यातली चार पेंगणारी. इथे एकाने घोषणा दिली की जमीन हलल्यासारखी वाटायची. मीही ओरडले, माझ्या नकळत. पण आपली जागा आपल्याला मिळाली पाहिजे असं एवढी माणसं एका आवाजात म्हणत होती, आणि मी त्यांच्यात बसून एका कासवीच्या वाळूचा विचार करत होते. लाज वाटली नाही. दोन्ही गोष्टी मनात एकाच वेळी खऱ्या होत्या.

गिरगावात मी त्या दिवसांतही जाऊन येत होते. कासवी आता पायऱ्यांशी येत नव्हती. क्वचित वर यायची, नुसतं नाक दिसायचं.

कौल आला तो शनिवारी. माणूस बोटीवरून तडक गाळ्यात आला आणि ओरडतच आत शिरला की उजवी, पहिल्याच हाकेला उजवी. गुरवाने प्रश्न पुरता सांगितलाही नव्हता म्हणे, तोवर पाकळी सुटली. गाळ्यात आनंदीआनंद झाला. शांतारामने डोळे पुसले. मला म्हणाला, बघा, वयनी, ती आपल्याला अडवत नव्हती.

हेच मला अजून पोखरतं. देवीला विचारायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ आमच्याकडे नव्हता.

तळ्यावर सगळे गेलो. कांबळेही हातगाडी घेऊन आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, आणि कुणी परतही पाठवलं नाही. शांताराम धोतर खोचून पाण्यात उतरला. दोघं जण दोरी धरून वर. तो कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि एकदम थांबला. पायाला काहीतरी लागलं होतं. त्याने वाकून हात खाली घातला आणि वर काढला तेव्हा त्याच्या तळव्यावर एक पांढरं अंडं होतं, लिंबाएवढं, कवच मऊ पडलेलं. मग मीही पाहिलं. पाण्याखालच्या पायऱ्यांवर, फटींत, शेवाळात, सगळीकडे पांढरं पांढरं पडलं होतं. वाळू मिळाली नाही, तिला धरवलं नाही, तिने पाण्यातच सोडून दिली होती.

वरच्या लोकांना काही दिसलं नाही. ते म्हणत होते, सापडलं का, सापडलं का. शांताराम माझ्याकडे बघत होता. त्याने अंडं हळूच पाण्यात खाली ठेवलं आणि कासवीला शोधायला पुढे गेला.

चौपाटी

कासवी जिवंत होती. चौपाटीवर गाडी नेली, ओल्या वाळूवर तिला ठेवलं. गोळा झालेल्या माणसांनी वाट करून दिली. ती कितीतरी वेळ हलली नाही. मग एक लाट तिच्या तोंडावरून गेली आणि तिने पर टाकला. पुढच्या लाटेत आणखी थोडी गेली. वाळूवर तिचा पट्टा उमटत होता, आमच्या किनाऱ्यावर उमटतो तसाच, पण उलट्या दिशेचा आणि रिकाम्या देहाचा. पाण्यात गेल्यावर एकदाच पाठ दिसली, शेंदराचा एक डाग, आणि मग नाही. लोकांनी जयघोष केला. आधी देवीचा, मग संयुक्त महाराष्ट्राचा. ती पुढे जगली की नाही, मला ठाऊक नाही.

गर्दी पांगली तेव्हा शांताराम कुठे दिसेना. कांबळे म्हणाले, भाऊ मागे गेलेत. आम्ही तळ्याशी परत गेलो. तो पुन्हा पाण्यात होता, एकटाच, गळ्याएवढ्या पाण्यात बुड्या मारून अंडी काढत होता. पायरीवर त्याने खांद्यावरचं उपरणं पसरलं होतं. कांबळे चौपाटीवर गेले आणि हातगाडीतलं गोणपाट भरून ओली वाळू घेऊन आले. दोघांनी मिळून उपरण्यात वाळू घातली, अंडी ठेवली, वर पुन्हा वाळू घातली आणि गाठोडं बांधलं.

रविवारच्या बैठकीत शांताराम स्वतः उभा राहिला. दगडी कासवाचा विषय त्याने मागे ठेवला. कासवीच्या अंड्यांना जो हात लावील त्याच्या दारात शिमग्याची पालखी जाणार नाही, असा ठराव त्याने मांडला. आमच्या गावाला याहून मोठी शिक्षा नाही. कुणी विरोध केला नाही. ज्यासाठी मी बोटीत बसले होते ते मला मिळालं, सगळं, मागितलं त्याहून जास्त. मी सतरंजीवर मान खाली घालून बसले होते. बाईंना गहिवरून आलं, असं लोक म्हणाले.

धक्क्यावर निरोप देताना शांतारामने ते गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "आपल्या वाळूत पुरा, वयनी. हलवू नका वाटेत. कासवी नुसत्या नजरेनं पोरां वाढवते म्हणतात, तुम्ही जरा नजर ठेवा." मी हो म्हटलं. एवढे दिवस पाण्याखाली राहिलेल्या अंड्यांचं काय होतं हे मला माहीत होतं. ते मी त्याला सांगितलं नाही.

खारवली

बोटीत गाठोडं मांडीवरून उतरवलं नाही. आल्या दिवशीच सुरूच्या बनाखाली, भरतीच्या वरच्या अंगाला, हातभर खड्डा करून अंडी पुरली आणि वय घातली. ठराव देवळात वाचून दाखवला गेला. त्या दिवसापासून माझ्या दुसऱ्या कुठल्याही वयीचे काटे कुणी बाजूला केले नाहीत. काटे लागतात म्हणणारे गृहस्थच एका सकाळी मला हाक मारून नवा पट्टा दाखवायला आले. मी खूश व्हायला हवं होतं, आणि झालेही, अर्धी.

शिमग्याला शांताराम रजा काढून आला. ज्या दिवशी पालखी निघायची त्याच दिवशी सकाळी एका जुन्या खड्ड्यातून पिल्लं निघाली होती. अर्धा गाव बघायला जमला. शांतारामने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. रुपयाएवढी पिल्लं समुद्राकडे धावत सुटलेली पाहून तो लहान पोरासारखा हसला. सगळी पाण्यात गेल्यावर त्याने विचारलं, आपली कुठे आहेत? मी त्याला सुरूच्या बनाखाली घेऊन गेले. वाटेत मी ठरवत होते की सांगू की नको, कसं सांगू.

तो वयीशी उकिडवा बसला. एक फांदी सैल झाली होती ती त्याने नीट खोवली. बोटात काटा गेला, तो दातांनी काढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वयनी, ह्यातून काय निघायचा नाय. ठावं हाय मला. त्या दिवशी पान्यातच कळला होता."

मग वय कशाला घट्ट करतोस, असं मी विचारलं.

"कौल येईपत्तुर तिला थांबवली मी," तो म्हणाला. "आता तिच्या पोरांपाशी कुणीतरी थांबाया नको?"

वर वाडीत पालखीचा ढोल सुरू झाला होता. पालखी मंडळाच्या अध्यक्षाच्या खांद्यावर आधी घेतात, सगळे त्याचीच वाट बघत असणार. तो उठला नाही. मीही त्याच्या शेजारी वाळूत बसले.